सुविधा सर्वेक्षणात सरासरी ४.१, तरी तक्रारपेटी भरलेली. प्रश्नावलीच चुकते आहे का?

फळा_खडू (प्रश्न)

तालुक्याच्या गावातलं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय. विद्यार्थी ३२००, निम्म्याहून जास्त एसटीने ये-जा करणारे. मुलींचं एक वसतिगृह, तिथे १८० जणी. सुविधांबाबतचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण दरवर्षी होतं. गूगल फॉर्म, १२ प्रश्न, १ ते ५ गुण. परीक्षेचा अर्ज भरतानाच लिंक दिली जाते, त्यामुळे प्रतिसाद रगड येतात. गेल्या वर्षी २७४०, सरासरी ४.१. अहवालात रंगीत स्तंभालेख, खाली ‘विद्यार्थी सुविधांबाबत समाधानी आहेत’ हे वाक्य, आणि फाइल कपाटात.

तक्रारपेटीत मात्र वर्षभर त्याच चार गोष्टी: मुलींचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, अभ्यासिकेत जागा नाही, वाय-फाय. वसतिगृहातून मेसबद्दल वेगळ्या.

प्रश्नांचा मासला:

प्र. ३: ग्रंथालय, संगणक व इंटरनेट सुविधा पुरेशा व समाधानकारक आहेत.
प्र. ५: परिसर स्वच्छ असून स्वच्छतागृहांची व पिण्याच्या पाण्याची योग्य सोय आहे.
प्र. ९: उपाहारगृहातील पदार्थ दर्जेदार व माफक दरात मिळतात.

यंदा फॉर्म नव्याने करायला परवानगी मिळाली आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी अहवाल द्यायचा आहे. किती प्रश्न, कुणाला, कसे विचारायचे? हाती आलेल्या आकड्यांवरून ‘हे दुरुस्त करा’ इथवर कसं पोहोचायचं? आणि नॅकला (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला) हाच फॉर्म चालेल का?

---

आकडेमोड

आधी प्र. ५ कडे बघा. परिसर, स्वच्छतागृह आणि पाणी, तीन गोष्टी एका वाक्यात. बाग छान आहे पण नळाला पाणी नाही, असं म्हणायचं असलेल्या मुलीने काय द्यायचं? ती ३ देते. तो ३ वाचून तुम्हाला काहीच कळत नाही. ‘व’ आणि ‘असून’ असलेला प्रत्येक प्रश्न फोडा. आणि ‘योग्य सोय आहे’ असं विधान समोर ठेवलं की कल ‘हो’कडे झुकतो. विधान नको, प्रश्न हवा.

आता सरासरी. १०० जणांचे दोन वर्ग घ्या. पहिल्यात सगळ्यांनी ४ दिले: सरासरी ४. दुसऱ्यात ६० जणांनी ५, १५ जणांनी ४, ५ जणांनी ३, ५ जणांनी २ आणि १५ जणांनी १ दिला. बेरीज ३०० + ६० + १५ + १० + १५ = ४००, म्हणजे सरासरी पुन्हा ४. पहिल्या वर्गात कुणाचीच तक्रार नाही, दुसऱ्यात दर पाचांतला एक वैतागलेला आहे. अहवालात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सरासरी छापूच नका. प्रत्येक प्रश्नाला १ किंवा २ देणाऱ्यांची टक्केवारी छापा, तीही गटवार: मुलगे/मुली, एसटीने येणारे/गावातले/वसतिगृहातले, सकाळ पाळी/दुपार पाळी, इमारत. चार गोष्टींवर तक्रारी का येतात त्याचं उत्तर बहुतेक वेळा या गटवार फोडीतच असतं. ती नसेल तर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या प्रश्नाला मुलग्यांचे ४-५ गुण मिळतात आणि तक्रार सरासरीत विरघळून जाते.

२७४० म्हणजे ८६ टक्के प्रतिसाद, पण त्याने हुरळून जाऊ नका. परीक्षेच्या अर्जाला जोडलेला फॉर्म हा अर्जाचाच एक भाग वाटतो. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) टाकून लॉगिन झालेलं असतं, शुल्क भरायची घाई असते, नाव कळणार ही धास्ती असते. सरळ खाली ४-४-४-४ टिचक्या मारून मुलं पुढे जातात. मागच्या वर्षीची शीट उघडा आणि १२ च्या १२ उत्तरं एकसारखी असलेल्या ओळी किती ते मोजा. रिकाम्या स्तंभात हे सूत्र टाकलं की झालं: त्या ओळीतला कमाल आकडा वजा किमान आकडा. उत्तर शून्य आलं की ती टिचकी. मोठ्या संख्येने चुकीचा कल जात नाही, उलट तो जास्त पक्का वाटायला लागतो.

नमुना किती? ३२०० ला ५ टक्के चूक धरून यामाने यांचं साधं सूत्र: ३२०० ÷ (१ + ३२०० × ०.०५ × ०.०५) = ३२०० ÷ ९ = ३५६. थोडं जास्त धरून ४०० करा. पण एक मेख आहे. वसतिगृहातल्या १८० मुली म्हणजे साडेपाच टक्के. सरसकट ३५६ निवडले तर त्यांतल्या फक्त २० वाट्याला येतात, आणि २० जणींवरून मेसबद्दल काही बोलता येत नाही. वसतिगृह नमुन्यातून बाहेर काढा आणि तिथे सगळ्या १८० जणींना वेगळा छोटा फॉर्म द्या. दोन्हींची बेरीज मात्र करू नका.

४०० निवडायचे कसे? वेळापत्रकावरून वर्ग निवडा आणि शक्यतो अंतर्गत चाचणीच्या दिवशी जा. एरवी तासाला बसणारेच सापडतात. पाणी, स्वच्छतागृह, बस यांना कंटाळून दुपारीच घरी जाणारे तुमच्या नमुन्यातून नेमके निसटतात. कागदी फॉर्म, ए-फोरची एक बाजू, नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. वर्गशिक्षक बाहेर, फॉर्म घडी घालून खोक्यात. दहा मिनिटं लागतात. गूगल फॉर्मच हवा असेल तर ‘ईमेल गोळा करा’ बंद ठेवा. ‘एकदाच उत्तर’ हे चालू केलं की लॉगिन मागतं. पत्ता नोंदला जात नसला तरी मुलांना ते कोण पटवून देणार?

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक सुविधेला गुण मागण्याआधी एक गाळणी प्रश्न ठेवा: ‘गेल्या सहा कामाच्या दिवसांत वापरली का?’ नाही म्हणणाऱ्याला गुण विचारूच नका, ‘का नाही?’ ते विचारा आणि ५-६ कारणं टिक करायला द्या. वापर सोडून दिलेला विद्यार्थी हाच सर्वांत नाराज विद्यार्थी असतो, आणि सध्याच्या फॉर्ममध्ये तो ‘३, ठीक’ म्हणून मोजला जातो.

‘ही सुविधा किती महत्त्वाची?’ हा प्रश्न वाया जातो, सगळे सगळ्याला ५ देतात. त्याऐवजी शेवटी दहा सुविधांची यादी द्या आणि ‘आधी दुरुस्त व्हाव्यात अशा फक्त तीन निवडा’ असं सांगा. महत्त्व आणि समाधान एका आलेखावर मांडण्याची पद्धत मार्टिला आणि जेम्स यांनी १९७७ मध्ये मांडली. त्यात हा तीनांचा कौल महत्त्व दाखवणाऱ्या अक्षावर चपखल बसतो. जपानच्या कानो यांचा १९८४ चा मुद्दाही लक्षात असू द्या: काही गोष्टी असल्याने कुणी खूश होत नाही, नसल्या की मात्र चिडतात. स्वच्छतागृह त्यातलंच. तिथे ५ ची वाट बघू नका, १ आणि २ शून्याकडे नेणं एवढंच लक्ष्य.

---

व्हॉल्व्ह_अर्धा_बंद

सर्वेक्षण करा, पण त्याच आठवड्यात वही-पेन्सिल घेऊन मोजणीही करा. मत आणि मोजणी शेजारी-शेजारी ठेवली की प्राचार्यांपुढे वाद उरत नाही.

स्वच्छतागृह. ‘आहेत १२’ हा आकडा स्थावर नोंदवहीतला असतो. तुम्ही फिरा आणि शौचाच्या प्रत्येक भांड्यासमोर सहा खुणा करा: आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, फ्लश चालतो का, बादली-मग आहे का, दिवा लागतो का, झाकणाची कचरापेटी आहे का. यांपैकी कडी किंवा पाणी नसेल तर ते भांडं ‘बंद’ धरा, बाकीचं कितीही चकाचक असो. ही फेरी सकाळी साडेसातला सफाई झाल्या झाल्या करू नका, मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटांनी करा.

मग हिशेब. मधली सुट्टी २० मिनिटांची, एका मुलीला सरासरी अडीच मिनिटं. एका भांड्यावर ८ जणी. चालू भांडी ६ असतील तर सुट्टीत ४८ जणी. त्यांतल्या दोन ठिकाणच्या कड्या तुटल्या की ३२. त्या मजल्यावर २०० मुली असतील तर ‘रांग लागते’ ही तक्रार नसून भागाकार आहे. अशा ठिकाणी नवी इमारत मागण्याआधी दोन वर्गांच्या सुट्ट्या १५ मिनिटांनी पुढे-मागे करून बघा. खर्च शून्य. आणि कडी बसवायला सुतार-फॅब्रिकेटरला एक दुपार पुरते, त्यासाठी निविदा लागत नाही.

दुसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, याची नेहमीची कारणं या क्रमाने तपासा. एक, गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकलेला, टाकी अर्ध्यावरच भरते. दोन, कुणीतरी उतरत्या पाइपचा गेट व्हॉल्व्ह गळती थांबवायला अर्धा फिरवून ठेवला आणि विसरला. तीन, वरचा मजला टाकीच्या तळाच्या फार जवळ, त्यामुळे दाब मुळातच कमी. खाली चार नळ उघडे राहिले की वर थेंब येत नाही. चार, टाकी रिकामी होऊन भरल्यावर पाइपात हवा कोंडते. वरच्या मजल्यावरचा सगळ्यात उंच नळ उघडा ठेवला की फुसफुसून निघते. पुन्हा पुन्हा होत असेल तर टाकीजवळ हवेचा उभा पाइप नाही असं समजा. साठवण पुरेशी आहे का, त्याला राष्ट्रीय इमारत संहितेचा दर दिवसा येणाऱ्या विद्यार्थ्याला ४५ लिटर आणि वसतिगृहात राहणाऱ्याला १३५ लिटर असा आहे. तुमच्या १८० मुलींना रोज २४,३०० लिटर. गच्चीवर हजार लिटरच्या चार काळ्या टाक्या असतील तर त्या दिवसातून सहा वेळा भराव्या लागतात, आणि पंप चालवणारा माणूस दुपारी जेवायला गेला की गणित बिघडतं.

भांडी तुंबतात त्याचं मोठं कारण सॅनिटरी पॅड. आत झाकणाची पेटी नसेल तर मुलीने ते हातात घेऊन व्हरांड्यातून जायचं का? ती फ्लश करते, ते ट्रॅपच्या वळणात फुगून बसतं. ‘पॅड टाकू नये’ अशी पाटी लावून काही होत नाही. प्रत्येक भांड्याशेजारी पायाने उघडणारी पेटी, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, आणि दिवसातून दोनदा रिकामी करणारी व्यक्ती नेमलेली. जाळण्याचं यंत्र बसवलं असेल तर ते किती वेळ चालू राहतं ते बघा. एकावेळी जास्त पॅड कोंबले तर अर्धवट जळतात, धूर होतो, मग कुणीतरी प्लग काढून ठेवतं. धुराचा पाइप खिडकीबाहेर नेलेला नसेल तर ते यंत्र पहिल्या आठवड्यातच बंद पडतं.

पिण्याचं पाणी. इथे सगळ्यात जास्त फसगत टीडीएस मीटरमुळे होते. कूलरवर चिकटवलेलं ‘टीडीएस ९०’ हे क्षारांबद्दल सांगतं, जंतूंबद्दल चकार शब्द नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) मात्र १०० मिलिलिटरमध्ये अजिबात सापडता कामा नये. शिवाय आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरिन काढून टाकतो. म्हणजे आरओनंतरच्या साठवण टाकीत आणि कूलरच्या पोटात पाणी निःशस्त्र असतं. आठवडाभर टाकी धुतली नाही की आत बुळबुळीत थर धरतो. मुलं म्हणतात ‘पाण्याला वास येतो’, आणि आपण मेम्ब्रेन बदलायला निघतो.

तपासणी स्वस्त आहे. जंतू तपासायची एच-टू-एसची कुपी मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, नळाचं तोंड आधी स्वच्छ पुसायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. खोलीच्या तापमानाला २४ ते ४८ तास ठेवा. काळं झालं तर मैलापाण्याचा संशय, नमुना लगेच जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. प्रत्येक कूलरच्या नळाची वेगळी कुपी आणि एक कुपी आरओच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची. आरओची स्वच्छ आणि कूलरची काळी निघाली तर दोष कूलरमध्ये.

साठवण टाकी घासून झाली की ब्लीचिंग पावडर: हजार लिटरला साधारण १५० ते १७० ग्रॅम, पावडर ३० टक्के क्लोरिनची असेल तर. आधी बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत. किमान चार तास ठेवून पूर्ण सोडून द्या, दोनदा विसळा. गोणी तोंड उघडं ठेवून पावसाळाभर कोपऱ्यात पडली असेल तर त्या पावडरीत क्लोरिन उरलेलं नसतं, नुसता चुना टाकल्यासारखं होतं. कूलरच्या स्टीलच्या टाकीत हे द्रावण रात्रभर ठेवू नका, पत्र्याला खड्डे पडतात.

फॉर्ममध्ये पाण्याचा प्रश्न असा: ‘गेल्या सहा दिवसांत कॉलेजचं पाणी प्यायलात का? नाही तर कारण: वास / चव / कोमट / रांग / नळाजवळ घाण / विश्वास नाही / कुठे आहे माहीत नाही.’ ‘नळाजवळ घाण’ हे कारण वगळू नका. पाणी उत्तम असतं, पण खालच्या सिंकमध्ये कुणीतरी डबा धुतलेला असतो आणि भाताची शितं तरंगत असतात. तिथे हवी जाळी, प्लंबर कशाला?

---

कपाट_क्र_७

अभ्यासिकेबद्दल थोडं. ‘जागा नाही’ ही तक्रार आणि ‘अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या’ हा ग्रंथपालांचा खुलासा, दोन्ही एकाच वेळी खरे असतात. कारण बॅगा. सहा दिवस, रोज ८, १०, १२, २ आणि ४ वाजता खुर्च्या मोजा. तीन रकाने करा: माणूस बसलेला, नुसती बॅग किंवा वही, पूर्ण रिकामी. मोजायला ग्रंथालय परिचर पुरतो, पाच मिनिटांचं काम. बॅगांचा रकाना मोठा आला तर नवीन टेबलं घेऊ नका. दाराशी खणांचं कपाट ठेवा आणि अर्ध्या तासाहून जास्त रिकामी जागा दुसऱ्याला द्यायचा नियम करा.

रिकाम्या खुर्च्या मात्र कुठल्या आहेत ते नकाशावर काढा. बहुतेक वेळा त्या पंख्यापासून लांब, ट्यूबलाइट बंद किंवा प्लगपॉइंट नसलेल्या कोपऱ्यात निघतात. टेबलावर साधारण ३०० लक्स उजेड हवा. मोबाइलच्या अॅपचा आकडा फारसा विश्वासाचा नसतो, पण त्याच फोनने उजेडाचं टेबल आणि अंधारं टेबल मोजून फरक दाखवता येतो.

आणि वेळ. ५ ला बंद होणारी अभ्यासिका एसटीच्या मुलांना पुरते, स्पर्धा परीक्षेवाल्यांना नाही. दोघांचा प्रश्न वेगळा, म्हणून फॉर्ममध्ये ‘किती वाजता जागा मिळाली नाही?’ हे विचारा. ‘मिळाली नाही’ एवढ्याने काम भागत नाही.

प्र. ३ मध्ये ग्रंथालयाला संगणकाशेजारी बसवलंय ते तेवढं काढा. ग्रंथालयाचे गुण दरवर्षी वाय-फायमुळे पडतात आणि बोलणी ग्रंथपालाला बसतात.

---

काळा_दगड_५गिगाहर्ट्झ

वाय-फाय. ‘चालत नाही’ या दोन शब्दांत निदान पाच वेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. फॉर्ममध्ये हे पर्याय द्या, सोबत ‘कुठे’ आणि ‘किती वाजता’:

(अ) नाव दिसतच नाही
(आ) जोडायला जातं, पण ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर अडकतं
(इ) जोडलं जातं, लॉगिनचं पान उघडत नाही
(ई) लॉगिन होतं, पण रांगतं
(उ) आयडी-पासवर्ड मिळालेलाच नाही

(आ) तर कॉलेजांत नेहमीचा, आणि बहुतेक ठिकाणी तो ‘स्लो नेट’ म्हणून लाइन वाढवून सोडवायचा प्रयत्न होतो. जोडलेल्या प्रत्येक फोनला नेटवर्ककडून एक आयपी पत्ता, म्हणजे क्रमांक, लागतो. नेटवर्क साध्या २४-बिट विभागात असेल तर वापरता येणारे पत्ते २५४, त्यांतला एक राउटरचा. लीज, म्हणजे एका फोनसाठी पत्ता राखून ठेवायची मुदत, २४ तासांची असली की सकाळी सातला आलेल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या फोनांनी घेतलेले पत्ते, ती मुलं घरी गेली तरी दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात. दुपारी वरिष्ठच्या मुलांना पत्ताच शिल्लक नाही. ओळखायची खूण: लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. उपाय: लीज एक तासाची करा आणि विभाग २२-बिटचा, म्हणजे १०२२ पत्ते. राउटर झेपणारा असेल तर अर्ध्या तासाचं काम, एक पैसा खर्च नाही.

(इ) ला विद्यार्थ्यांनी ब्राउझरमध्ये एखादं साधं ‘एचटीटीपी’ पान उघडून बघावं, मग लॉगिनचं पान झळकतं. फोनचा मॅक पत्ता (फोनच्या वाय-फायचा ओळख क्रमांक) नोंदवून प्रवेश देत असाल तर अडचण वेगळी: आताचे फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक दाखवतात. त्या एका नेटवर्कपुरती ती सेटिंग बंद करायची सूचना पासवर्डच्या चिठ्ठीवरच छापा.

(ई) साठी भागाकार. १०० एमबीपीएसची लाइन, एका वेळी ४०० फोन, वाट्याला पाव एमबीपीएस. इथे खरंच लाइन वाढवावी लागते, किंवा व्हिडिओला लगाम.

(अ) बहुतेक जुन्या इमारतींत. काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय सिग्नल पलीकडे जात नाही. व्हरांड्यात लावलेला अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा डबा) व्हरांड्यालाच नेट देतो. तो खोलीच्या आत हवा. २.४ गिगाहर्ट्झवर शेजार-शेजारच्या तिघांना १, ६ आणि ११ असे वेगळे चॅनल. सगळे ‘ऑटो’वर सोडले की तिघेही एकाच चॅनलवर भांडत बसलेले सापडतात.

---

फळा_खडू

सगळ्यांचे आभार. मागच्या वर्षीची शीट कमाल-वजा-किमान करून बघितली, २७४० पैकी ११८६ ओळी शून्य. म्हणजे ४.१ चं काय ते कळलं.

दोन गोष्टी राहिल्या. वसतिगृहाचा फॉर्म रेक्टर मॅडमच्या हातात पडणार असेल तर मुली खरं लिहिणार नाहीत. मेसबद्दल नेमकं काय विचारू? आणि नॅकचं?

---

आमटी_पातळ

रेक्टरांना मध्ये घेऊच नका, पण त्यांना आधी सांगा, नाहीतर ती त्यांच्याविरुद्धची मोहीम वाटते. कोरे फॉर्म रात्रीच्या जेवणाला ताटाबरोबर द्या, कुलूप लावलेली पेटी मेसच्या दाराशी. किल्ली कॉलेजच्या समितीकडे. पेटी त्याच रात्री उचला.

‘जेवण कसं आहे?’ विचारू नका. पोळी, भाजी, आमटी-वरण, भात, नाश्ता वेगवेगळे. प्रत्येकाला दोनच प्रश्न: पुरतं का, खाववतं का. पोळीबद्दल तक्रार ‘कडक’ अशी येते की ‘ओली, चिकट’ अशी, ते वेगळं विचारा. कडक म्हणजे कणीक घट्ट किंवा पोळ्या फार आधी केलेल्या. ओली म्हणजे गरम पोळ्या एकावर एक रचून ॲल्युमिनियमच्या डब्याला लगेच झाकण घातलं, वाफेचं पाणी झालं. पहिल्यात स्वयंपाकाची वेळ बदलायची, दुसऱ्यात तळाला आणि वर सुती कापड घालून झाकण पाच मिनिटांनी लावायचं. ठेकेदार बदलायची गरज नाही.

शिवाय उष्टं मोजा. उष्ट्याच्या बादलीखाली वजनकाटा, दोन बादल्या: एक पोळी-भात, एक भाजी-आमटी. सात दिवस, दोन्ही वेळा. रिकाम्या बादलीचं वजन आधी वजा करा आणि हाडं-साली-लिंबाच्या फोडी बाजूला काढा. जेवलेल्या १४० आणि उष्टं ११ किलो, म्हणजे माणशी साधारण ७९ ग्रॅम. दुधी असेल त्या दिवशीचा आणि मटकी असेल त्या दिवशीचा आकडा शेजारी ठेवला की मेनू कुठे बदलायचा ते मेस समितीला बोलून दाखवावं लागत नाही. फक्त बादली स्वयंपाक्याच्या नजरेसमोरून हलवा, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून आकडे अचानक सुधारतात.

जेवायला न आलेल्यांची संख्याही रोज लिहा. १८० तल्या ४० जणी नियमित येत नसतील तर त्या बाहेरून वडापाव खातायत, त्यांचं उष्टं तुमच्या बादलीत येणार नाही.

---

निकष_२_७

नॅकचं. दोन गोष्टींची गल्लत करू नका. नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण हे २०१७ च्या सुधारित आराखड्यात दुसऱ्या निकषाखाली, २.७ मध्ये आहे. त्यात २० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि एक मोकळा प्रश्न, रोख जवळजवळ सगळा अध्यापन-मूल्यमापनावर. ते नॅक स्वतः विद्यार्थ्यांना ईमेल-मोबाइलवर पाठवते, कॉलेजने यादी द्यायची. महाविद्यालयाला विद्यार्थिसंख्येच्या १० टक्के किंवा १००, यांतले जे कमी तेवढे प्रतिसाद लागतात. विद्यापीठाला १० टक्के किंवा ५००. त्याखाली गेलं तर तो मुद्दा मूल्यांकनात धरतच नाहीत. तुमच्याकडे १० टक्के म्हणजे ३२०, म्हणून १०० पुरतात. तेवढेही येत नाहीत तेव्हा कारण बहुधा एकच असतं: प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो. प्रवेश अर्जातले ईमेल ‘डुप्लिकेट’ शोधून काढा, एकाच पत्त्यावर चाळीस विद्यार्थी सापडतील. सध्या मूल्यांकनाची पद्धत बदलते आहे, तेव्हा तुमच्या फेरीला लागू असलेली पुस्तिका उघडून आकडे ताडून घ्या.

तुमचा सुविधांचा फॉर्म त्याच्या जागी चालणार नाही. तो चौथ्या निकषात, पायाभूत सुविधा आणि देखभालीत, उपयोगी पडतो. तिथे फॉर्मपेक्षा ‘कळलं आणि मग काय केलं’ हा कागद लागतो. कार्यवाही अहवालात प्रत्येक ओळीला पाच रकाने करा: काय सापडलं, कुठे, कोणाकडे किल्ली किंवा जबाबदारी, कुठल्या लेखाशीर्षातून पैसे, कुठल्या तारखेपर्यंत. ‘संबंधितांना सूचना देण्यात आल्या’ हे वाक्य दिसलं की समजा काही झालेलं नाही.

पैसे लागणारी कामं महाविद्यालय विकास समितीपुढे न्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ९७ खालची ही समिती, वर्षातून निदान चार सभा, आणि अंदाजपत्रक तिच्याचकडून जातं. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात, आकडे त्यांनाच मांडू द्या.

एक सावधगिरी. सर्वेक्षण म्हणजे तक्रार नोंदवही नव्हे. फॉर्मच्या डोक्यावरच लिहा: उघडी वायर, तुंबलेलं भांडं, छळ, यांसाठी हा फॉर्म नाही, इथे कळवा. यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांत आश्वासन दिलेल्या किंवा देणं बंधनकारक असलेल्या विद्यार्थी-सुविधा हाही तक्रारीचा विषय धरला आहे. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर विद्यार्थ्याने १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जायचं. ते सोडून तीच गोष्ट वर्षअखेरच्या फॉर्ममध्ये लिहिली तर त्या विद्यार्थ्याच्या हातातून तो मार्ग निसटतो.

---

फळा_खडू

मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न असा केला आहे, बघा:

‘गेल्या आठवड्यात कॉलेजचं स्वच्छतागृह वापरलंत का? (हो / नाही) हो असल्यास कोणत्या मजल्यावरचं आणि किती वाजता? तिथे यांपैकी काय नव्हतं: कडी / पाणी / दिवा / पेटी / सगळं होतं. नाही असल्यास कारण: अस्वच्छ / रांग / कडी नाही / पाणी नाही / लांब / गरज पडली नाही.’

---

आकडेमोड

चांगला झालाय. दोन दुरुस्त्या. ‘गेल्या आठवड्यात’ काढा. फॉर्म सोमवारी भरला तर काही जणी शनिवार धरतील, काही जणी तोच सोमवार. त्याऐवजी सरळ तारखा छापा, ‘सोम. ६ ते शनि. ११’ अशा. आणि ‘नाही’च्या कारणांत ‘दिवसभर पाणीच कमी पिते’ हा पर्याय घाला. तो टिक करणाऱ्या मुली वेगळ्या मोजा आणि त्यांची संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर टाका.

---

व्हॉल्व्ह_अर्धा_बंद

‘किती वाजता’ला मोकळी जागा ठेवू नका, तासिकांचे चौकोन द्या. आणि मजल्याबरोबर जिनाही विचारा. एकाच मजल्यावर दोन टोकांना दोन स्वच्छतागृहं असतात, वेगळ्या टाकीवर.